उशाशी उभ्या राहणाऱ्यांचे शास्त्र

मनोरुग्णालयातील औषधांच्या खोलीत, बहुधा कुलूपबंद लोखंडी कपाटाच्या बाजूला, एक तक्ता डकवलेला असतो. नैराश्यावरील गोळ्या चालू असलेल्या रुग्णाची निगा परिचारिकेने कशी राखावी याविषयीची कलमे त्यावर असतात. गोळी गिळली गेल्याची खात्री करून घ्यावी. रुग्णाला अंथरुणावरून एकदम उठू देऊ नये. लघवी-शौचाची रोज विचारपूस करावी. गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात हे रुग्णास व नातलगांस सांगून ठेवावे. रुग्ण सुधारू लागला म्हणजे देखरेख सैल न करता उलट वाढवावी. अमुक वर्गातील गोळ्या चालू असता जुने, मुरवलेले चीज वर्ज्य समजावे. त्या बंद करून दुसऱ्या सुरू करताना मध्ये चौदा दिवस जाऊ द्यावेत. भाषा सरकारी हुकुमासारखी कोरडी असते, आणि वाचणाऱ्याची अशी समजूत व्हावी की ही कलमे कोणा समितीने एखाद्या दुपारी बसून रचली असावीत. वस्तुतः जुन्या दप्तरातील दोन ओळींच्या नोंदीमागे जसा तीन पिढ्यांचा वतनाचा तंटा दडलेला असतो, तसे या प्रत्येक कलमामागे एखादे गाव, एखादे साल आणि पुष्कळदा एखादा अपघात उभा आहे. आणि त्या प्रसंगी जवळ कोण होते अशी चौकशी केली तर प्राध्यापकांपेक्षा परिचारिका, औषधे मोजून देणारा कारकुनी वृत्तीचा फार्मासिस्ट, किंवा फुटलेल्या काचा बसवणारा कारागीर हीच मंडळी अधिक वेळा साक्षीस उभी राहतात.

या गोळ्या येण्यापूर्वी मनोरुग्णाच्या उशाशी जो कोणी असे, त्यास परिचारक म्हणणे हा थोडा औदार्याचाच भाग होईल. आपल्याकडे रत्नागिरीचे इस्पितळ १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. आणि येरवड्याने तर मराठी भाषेला एक वाक्प्रचारच देऊन टाकला, ज्यात दया कमी आणि थट्टा अधिक आहे. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी वेडेपणाचा कायदा असे होते, आणि त्याचा सारा रोख माणूस आत कसा घ्यावा व बाहेर केव्हा सोडावा यावर होता. आत असलेल्या माणसाचे करायचे काय, हा प्रश्न किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडणाऱ्या तैनाती लोकांवर सोपवलेला असे. पश्चिमेकडील स्थिती फारशी निराळी नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन इस्पितळाने १८८२ साली मनोरुग्णांच्या परिचर्येचे शिक्षण सुरू केले होते खरे. परंतु परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संबंध हाच उपचाराचा एक भाग आहे, हे हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी ग्रंथ लिहून मांडले ते १९५२ मध्ये. योगायोग असा की नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका बेटावरील काही परिचारिकांच्या डोळ्यांदेखत असे काही घडत होते, की ज्याचे नाव त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते.

ते बेट स्टेटन आयलंड, आणि ते इस्पितळ सी व्ह्यू. १९१३ साली उघडलेल्या या क्षयरुग्णालयात न्यूयॉर्कमधील गोरगरीब रुग्ण येत, आणि त्यांतील कितीतरी तेथेच डोळे मिटत. १९२९ च्या सुमारास गोऱ्या परिचारिका संसर्गाच्या भयाने नोकऱ्या सोडून जाऊ लागल्या, तेव्हा नगरपालिकेने दक्षिणेकडील संस्थानांत माणसे धाडून कृष्णवर्णीय तरुणींना शिक्षण, पगार आणि निवास यांची हमी देऊन बोलावून घेतले. ज्या दक्षिणेत त्यांना गोऱ्यांच्या इस्पितळात चाकरीस उभे केले जात नव्हते, तेथून त्या निघाल्या आणि ज्या कामास गोरे हात तयार नव्हते त्या कामावर रुजू झाल्या. यात उपकार कोणी कोणावर केला हे वाचकानेच ठरवावे. रुग्ण त्यांना काळ्या देवदूत म्हणत.

१९५१ मध्ये न्यू जर्सीतील नटली येथील हॉफमन-ला रोश कारखान्यातून क्षयावरील दोन नवी औषधे सी व्ह्यूला आली. युद्ध संपल्यावर जर्मनांच्या अग्निबाणांसाठी साठवलेले हायड्राझिन स्वस्त झाले होते, त्यापासून केलेली ही रसायने: एक आयसोनियाझिड, दुसरे त्याचेच भावंड आयप्रोनियाझिड. डॉक्टर एडवर्ड रॉबिट्झेक आणि अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी ती अशा रुग्णांना दिली, की ज्यांच्याविषयी अन्य सर्व उपाय थकले होते. गोळ्या तळहातावर ठेवणे, ताप व वजन टिपणे, कोणी किती खाल्ले हे लिहून ठेवणे हे सारे काम अर्थातच परिचारिकांचे. आणि त्या कामात त्यांना क्षयाच्या कोष्टकात न मावणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाया उठून केस विंचरू लागल्या, जेवणावर तुटून पडू लागल्या, एकमेकींची थट्टा करू लागल्या. १९५२ च्या आरंभी वृत्तपत्रांत जी छायाचित्रे छापून आली त्यांत फुप्फुसांना भोके पडलेली ही माणसे दालनात नाचताना दिसतात. त्याच वेळी कोणास बद्धकोष्ठ होई, कोणास उठताना भोवळ येई. वैद्यकीय अहवालात हे सारे, नाचणेसुद्धा, अनिष्ट परिणामांच्या सदरात गेले. क्षयरोग्याने नाचू नये, विश्रांती घ्यावी, हाच त्या काळचा दंडक होता. त्यामुळे आनंदाची नोंद तक्रारीच्या रकान्यात झाली. औषधाचा मुख्य गुण त्याच्या दोषांच्या यादीत दडून राहिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात दुसरे मिळणे कठीण.

ती यादी उलट्या बाजूने वाचण्यास आणखी पाच वर्षे जावी लागली, आणि ती वाचणारा गृहस्थ आपल्या मुंबईशी एका विलक्षण धाग्याने बांधला गेलेला आहे. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग सप्रमाण मांडला. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील रसायनज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि न्यूयॉर्क संस्थानातील रॉकलंड मनोरुग्णालयाचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते आपल्या क्षुब्ध रुग्णांना दिले. त्या प्रयोगाविषयी एक गोष्ट सांगतात: वॉर्डात शांतता नांदू लागली आहे याचा पहिला निःपक्षपाती पुरावा इस्पितळाच्या काचकाम्याने दिला, कारण त्याला बसवाव्या लागणाऱ्या खिडक्यांच्या काचा कमी झाल्या होत्या. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत वकील आणि क्लाइन ही दोन्ही नावे आहेत. परंतु रक्तदाबासाठी सर्पगंधा घेणारी काही माणसे हळूहळू खिन्न होत जातात, त्यांचे अन्नावरचे आणि माणसांवरचे मन उडते, हेही याच काळात ध्यानात येऊ लागले. आणि एखादे रसायन माणसाला उदास करू शकत असेल तर त्याच्या उलट दिशेने जाणारे रसायन का असू नये, हा विचार त्यातून बळावला. आयप्रोनियाझिड शरीरातील एका विकराला अडवते हे शिकागोत अल्बर्ट झेलर यांनी १९५२ सालीच दाखवले होते. क्लाइन यांनी ते औषध क्षय नसलेल्या, केवळ खिन्न असलेल्या रुग्णांना दिले, आणि एप्रिल १९५७ मध्ये सिराक्यूज येथील सभेत गुण येत असल्याचे जाहीर केले. औषध क्षयासाठी दुकानांत होतेच; वर्षभरात सुमारे चार लाख लोकांनी ते घेतले. मग काविळीच्या वार्ता येऊ लागल्या, आणि १९६१ मध्ये अमेरिकेत ते बाजारातून उठले. या वर्गातील गोळ्या घेणाऱ्याच्या डोळ्यांचा रंग पाहावा, हे कलम त्या चार वर्षांचा अवशेष आहे.

दुसरी वाट स्वित्झर्लंडमधून निघाली. थुरगाऊ परगण्यात, बोडेन सरोवराच्या काठी, म्यून्स्टरलिंगेन म्हणून गाव आहे; तेथील जुन्या मठाच्या आवारात १८४० पासून मनोरुग्णालय चालत आले. रोलान्ड कून हे तेथील वरिष्ठ डॉक्टर. रुग्ण शेकड्यांनी, डॉक्टर बोटांवर मोजण्याजोगे, आणि तिजोरी अशी की क्लोरप्रोमाझिन हे नवे फ्रेंच औषध सर्वांना पुरवणे परवडू नये. तेव्हा कून यांनी बाझलच्या गायगी कंपनीशी संधान बांधून चाचणीसाठी फुकट मिळणारी औषधे मागवण्यास आरंभ केला. त्यांतील जी २२३५५ या क्रमांकाचे द्रव्य भ्रमिष्ट रुग्णांना देऊन पाहिले तर काही अधिकच उत्तेजित झाले. एक जण रात्रीच्या अंगरख्यावरच सायकलवर बसून गात गात शेजारच्या गावी गेला अशी दंतकथा आहे. खरी नसली तर ती कोणीतरी मोठ्या रसिकतेने रचली आहे असे म्हटले पाहिजे.

मग जानेवारी १९५६ मध्ये ते द्रव्य एका तीव्र नैराश्याच्या स्त्री-रुग्णास देण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत तिच्या कागदांवर ती अगदी पालटून गेल्याची नोंद झाली. पुढील वर्षभरात असे चाळीसेक रुग्ण झाले. कून यांनी या रुग्णांचे जे वर्णन केले आहे ते मनोरोगशास्त्राच्या ग्रंथांत थोडे परके वाटते, कारण त्यात सिद्धान्ताचा लवलेश नाही. रुग्ण सकाळी आपण होऊन उठतात, त्यांचा आवाज मोठा होतो, बोलणे भरभर होते, चेहऱ्यावर हालचाल दिसते, ते कोणाशी तरी बोलू पाहतात, रात्री झोपतात. हे असे निरीक्षण तपासणीच्या खोलीत दहा मिनिटांत होत नसते. सकाळी कोण स्वतःहून उठला आणि कोणाला उठवावे लागले हे ज्याने त्या सकाळी पडदे सरकवले त्यालाच कळते. आणि म्यून्स्टरलिंगेनमध्ये पडदे सरकवणाऱ्या, पाळीपाळीने रात्र जागून टिपणे लिहिणाऱ्या परिचारिकाच होत्या. नैराश्यात पहाटेचे तीन-चार हे सर्वांत घातक प्रहर असतात, माणूस तेव्हा जागा होतो आणि पुन्हा झोपत नाही, ही गोष्ट रात्रपाळीला जितकी स्पष्ट ठाऊक असते तितकी दिवसा येणाऱ्यांना कधीच नसते. पुढे १९६० मध्ये लीड्सचे मॅक्स हॅमिल्टन यांनी नैराश्य मोजण्याची जी श्रेणी बांधली, तिच्यात निद्रेचे तीन स्वतंत्र रकाने आहेत, निजताना, मध्यरात्री आणि पहाटे. ते भरायचे तर रात्रपाळीची वही उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

सप्टेंबर १९५७ मध्ये झ्युरिच येथील जागतिक मनोरोग परिषदेत कून यांनी आपला निबंध वाचला तेव्हा सभागृहात डझनभर लोक होते की नव्हते. औषध मात्र इमिप्रामिन या नावाने, टोफ्रानिल म्हणून, जगभर गेले. या यशोगाथेची एक काळी बाजूही आहे, आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. कून यांनी पुढील काही दशकांत साठांहून अधिक द्रव्ये हजारावर रुग्णांवर आजमावून पाहिली, आणि कित्येकांना आपल्या पेल्यात काय पडते आहे हे कोणी सांगितलेही नाही. थुरगाऊ सरकारने नेमलेल्या इतिहासकारांनी हे सारे दप्तर धुंडाळून २०१९ साली प्रसिद्ध केले. तो पेला ज्यांच्या हातून रुग्णाच्या ओठांशी गेला त्याही परिचारिकाच. निरीक्षणाचे श्रेय त्यांना द्यायचे तर या मौनातील वाटाही त्यांच्या नावे मांडावा लागेल. आज रुग्णास गोळीचे नाव, कारण आणि परिणाम समजावून सांगणे हे परिचारिकेचे कर्तव्य मानले जाते. ते कलम तक्त्यावर सर्वांत उशिरा आले.

इमिप्रामिन आणि त्याच्या कुळातील अॅमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी दैनंदिन परिचर्येची एक नवी पाठशाळाच उघडली. तोंड कोरडे पडे, म्हणून चुळा व घोटघोट पाणी. आतडी मंदावत, म्हणून भाजीपाला आणि शौचाची नोंद. वृद्ध पुरुषांची लघवी तुंबे, म्हणून ओटीपोटावर हात ठेवून पाहणे. उभे राहताच रक्तदाब उतरे, म्हणून आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसवणे आणि मग उठवणे. यांतले काहीच भव्य नाही. पण मांडीचे हाड मोडलेल्या म्हातारीला नैराश्यातून बाहेर काढल्याचे समाधान कितपत वाटणार?

याहून गंभीर गोष्ट होती ती कालाची. गोळीचे त्रास पहिल्याच दिवशी हजर होत आणि गुण मात्र आठवड्यांनी येई. म्हणजे रुग्णाला ज्या काळात आशेची सर्वाधिक निकड, त्याच काळात त्याला नुसता कोरड्या तोंडाचा प्रत्यय. आणि गुण येऊ लागे तोही एकसारखा नव्हे. हातापायांत बळ आधी परते, मनावरचे सावट मागाहून उठे. जो माणूस इतके दिवस मरणाचा विचार करूनही उठून काही करण्याइतकी शक्ती बाळगत नव्हता, तो आता चालू-फिरू लागला म्हणून घरचे पेढे वाटण्याच्या बेतात असत, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे असत. ही गोष्ट गोळ्यांच्या आधीही जुन्या वैद्यांना आणि जाणत्या परिचारिकांना ठाऊक होती; गोळ्यांनी ती वारंवार आणि ठरावीक वेळी घडवून आणली इतकेच. त्यातून दुर्दैव असे की या कुळातील गोळ्या हृदयाच्या स्पंदनावर आघात करतात, आणि आठ-दहा दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या तर प्राण जाऊ शकतो. म्हणजे औषधाची पुडीच शस्त्र. म्हणून 'आ करा, जीभ वर घ्या, गाल दाखवा' हा वॉर्डातील रोजचा संवाद जन्मास आला. बाहेरून पाहणाऱ्यास तो अपमानकारक वाटतो आणि वाईट रीतीने केला तर तो तसा असतोही. परंतु गालफडात दडवलेली, उशीच्या अभ्र्यात साठवलेली गोळी ज्या सिस्टरने एकदा पाहिली आहे, तिला त्याचे कारण सांगावे लागत नाही.

आता चीजविषयी. आमच्याकडे चीज म्हटले की गवयाची आठवण होते, आणि कष्टांचे चीज व्हावे असे आपण म्हणतो. पण ही चीज दुधाची, आणि तिने काही काळ लंडनच्या डॉक्टरांची पुरती फजिती केली. आयप्रोनियाझिडच्या वर्गातील नव्या गोळ्या, त्यांतही ट्रॅनिलसायप्रोमिन, घेणाऱ्या काही रुग्णांना अकस्मात मस्तक फुटेल अशी वेदना होई, रक्तदाब भडके, आणि काही जण मेंदूत रक्तस्राव होऊन दगावत. मॉड्सली इस्पितळातील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ च्या आरंभी याविषयी लॅन्सेट नियतकालिकात लिहिले. ते वाचून नॉटिंगहॅममधील एका इस्पितळाचे फार्मासिस्ट रो यांचे पत्र आले: आपली पत्नी या गोळ्या घेते, दोनदा तिला असा झटका आला आणि दोन्ही वेळा तिने चीज खाल्ले होते, यात काही संबंध असेल काय? सहकाऱ्यांनी थट्टा केली. ब्लॅकवेल यांनी स्वतः गोळ्या घेऊन चीज खाऊन पाहिले, आणि काही झाले नाही. पण पुढे इस्पितळातल्याच रुग्णांत चीजच्या भोजनानंतर झटके येताना त्यांनी पाहिले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुरावा छापून आला.

कारण पुढे उलगडले ते साधे होते. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य असते. एरवी आतडी आणि यकृत त्याला वाटेतच निकालात काढतात, पण या गोळ्या ज्या विकराला बांधून ठेवतात त्याच विकराकडे हे निर्मूलनाचे खाते असल्यामुळे टायरामिन बेबंदपणे रक्तात शिरते आणि रक्तवाहिन्या आवळते. गंमत अशी की टायरामिन या शब्दाचे मूळच ग्रीक भाषेतील चीजवाचक शब्दात आहे. उत्तर नावातच लिहून ठेवले होते. ते वाचले मात्र एका फार्मासिस्टाने, आपल्या स्वयंपाकघरात. त्यानंतर परिचारिकेच्या तक्त्यावर आहाराचे कलम चढले, आणि जेवणाचे ताट हा औषधाचाच भाग झाला. बाहेरून भेटीस येणाऱ्यांनी पिशवीतून काय आणले आहे हे हसतमुखाने, पण नक्की, पाहून घेणे हेही सिस्टरच्या कामात आले.

चौदा दिवसांच्या अंतराचे कलम असेच रक्ताने लिहिले आहे. या गोळ्यांनी बांधलेले विकर शरीराला नव्याने तयार करावे लागते आणि त्यास सुमारे दोन आठवडे लागतात. तोवर चुकीचे दुसरे औषध पोटात गेले तर ताप, घाम, थरथर, बेचैनी आणि शेवटी शुद्ध हरपणे असा क्रम लागू शकतो. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या इस्पितळात रात्री दाखल झालेल्या अठरा वर्षांच्या मुलीला, ती याच वर्गातील फेनेलझिन घेत असता, पेथिडिन हे वेदनाशामक देण्यात आले. ती बेचैन झाली, अंथरुणात तडफडू लागली. परिचारिकांनी डॉक्टरला कळवले, पण डझनावारी रुग्ण शिरावर घेतलेल्या शिकाऊ डॉक्टरने शांत करण्याचे औषध आणि हातपाय बांधण्याचा हुकूम फोनवरून दिला. पहाटे ताप पाहिला तेव्हा पारा अतोनात चढला होता, आणि ती वाचली नाही. मृत्यूच्या कारणाविषयी न्यायालयात पुष्कळ वाद झाला. त्यातून १९८९ साली शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ऐंशीवर मर्यादित करणारा नियम न्यूयॉर्क संस्थानात झाला. परिचारिकांसाठी त्या रात्रीचा धडा निराळा होता: या गोळ्यांवरील रुग्ण अस्वस्थ झाला तर बांधण्यापूर्वी ताप पाहावा.

पुढचा इतिहास सर्वांस परिचित आहे. १९८७ च्या अखेरीस फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि चीजची भीती नसलेल्या, एकदम अनेक घेतल्या तरी पूर्वीच्या मानाने कमी घातक अशा गोळ्यांचे युग सुरू झाले; तरी २००४ मध्ये मुले व किशोर यांच्यासाठी, आणि २००७ मध्ये चोविसाव्या वर्षापर्यंतच्या तरुणांसाठी, पहिल्या आठवड्यांत आत्मघाताच्या विचारांवर नजर ठेवण्याची ठळक सूचना वेष्टनावर आलीच. आपल्याकडे १९५४ साली बंगळूरला मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि तेथे परिचारिकांसाठी मनोरोग-परिचर्येची पदविकाही सुरू झाली. परंतु आज बहुतेक गोळ्या दवाखान्यातून थेट घरी जातात, आणि तक्त्यावरची सारी कलमे सांभाळण्याची जबाबदारी आई, बायको किंवा थोरली सून हिच्याकडे मुकाट्याने सोपवली जाते. तिला कोणी तक्ता देत नाही.

सी व्ह्यूच्या कित्येक इमारती आता रिकाम्या पडल्या आहेत, वेलींनी भिंती पोखरल्या आहेत. त्या आवारातील परिचारिकांच्या वसतिगृहाचे मात्र वृद्धांसाठी घरांत रूपांतर झाले. १९४७ साली सोळा वर्षांची असताना, तेथेच परिचारिका असलेल्या मावशीच्या पाठोपाठ डेट्रॉइटहून आलेली आणि मुलांच्या वॉर्डात रुजू झालेली व्हर्जिनिया अॅलन ही उतारवयात पुन्हा त्याच इमारतीत राहावयास आली.